शिलोहाचा बुरूज भोसरीत कोसळला

रविवारची मिस्सा आटोपली, की चर्चच्या आवारात घोळक्याघोळक्याने उभ्या असलेल्या मंडळींत एक वाक्य हमखास कानी पडते : “आज फादरांनी उदाहरण मोठे छान दिले हो!” ते उदाहरण कधी मोबाइलच्या बॅटरीचे असते, कधी चौकातल्या सिग्नलचे, तर कधी कारखान्यातल्या यंत्राचे. प्रार्थना म्हणजे बॅटरी चार्ज करणे, सदसद्विवेक म्हणजे लाल दिवा, धर्मग्राम म्हणजे एकमेकांत गुंतलेली दातेरी चाके. आपण माना डोलावतो. घरी जेवणाची पाने मांडली जाईपर्यंत उदाहरणही विसरतो आणि ते ज्यासाठी दिले गेले तेही विसरतो. दोष एकट्या धर्मगुरूंचा नाही. ह्या त्रैमासिकाची पानेही अशा उदाहरणांनी भरलेली असतात, आणि ती भरणाऱ्यांत आम्हीही आहोत.

म्हणून आरंभी आमचाच अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीला रंग देण्याचे काम चालले होते. सातव्या मजल्याच्या उंचीवर एक तरुण दोराच्या झुल्यावर बसून भिंत घाशीत असे. आम्हांला वाटले, श्रद्धेचे याहून सुंदर चित्र कोणते असणार? खाली खोल पोकळी, वर न दिसणारा आधार, आणि मध्ये निश्चिंतपणे काम करणारा मनुष्य! प्रार्थनासभेत आम्ही ते रंगवून सांगितले, सर्वांना आवडले. निघताना नगरकडच्या एका आजींनी आम्हांला थांबवून विचारले, “त्या पोराच्या कमरंला बेल्ट-बिल्ट व्हता का रं बाबा?” आम्हांला उत्तर देता आले नाही. आठ दिवस आम्ही त्या तरुणाकडे खिडकीतून पाहत होतो. त्याच्या दोराकडे पाहिले होते, कमरेकडे पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिले. बेल्ट नव्हता. आणि त्या कामाच्या धनादेशांवर संस्थेच्या वतीने सही करणाऱ्यांत आमचेही नाव होते.

दैनंदिन जीवनातून ख्रिस्ती बोध घ्यावा, याविषयी आमचा वाद नाही. प्रभू येशूने दुसरे काय केले? पेरणी, खमीर, हरवलेले नाणे, मासळीचे जाळे हे सारे त्याने लोकांच्या हातांतूनच उचलले. आमचा वाद फुकटच्या बोधाशी आहे. दुसऱ्याचे कष्ट आपल्या प्रवचनाला उपमा म्हणून घ्यायचे, आणि त्या कष्टकऱ्याचे आपण काही देणे लागतो काय, हा प्रश्न उभा राहण्याच्या आत ‘आमेन’ म्हणून मोकळे व्हायचे, ही रीत आपल्यांत रूढ झाली आहे. शुभवर्तमान तिला संमती देत नाही, असे आमचे म्हणणे आहे. आणि ते सिद्ध करण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील एक आठवडा आठवून पाहावा. सामान्य काळाचा तो एकोणतिसावा आठवडा होता. ख्रिस्तसभेच्या वाचनमालेप्रमाणे रोजच्या मिस्सेत संत लूकच्या शुभवर्तमानातील बारावा अध्याय क्रमाने वाचला जात होता. सोमवारी, २१ तारखेला, जुनी कोठारे पाडून नवी मोठी बांधू पाहणाऱ्या धनवानाची कथा होती. बुधवारी त्या कारभाऱ्याची कथा होती, ज्याच्याकडे धन्याने इतर चाकरांना वेळेवर शिधा देण्याचे काम सोपविले, आणि जो धन्याच्या पाठीमागे त्यांनाच मारहाण करू लागला. गुरुवारी, २४ ऑक्टोबरला, सकाळी भोसरीच्या सद्गुरूनगर भागात मजुरांच्या वसाहतीतील पाण्याची तात्पुरती टाकी फुटून कोसळली. कामावर जाण्याच्या तयारीत असलेले मजूर तिच्याभोवती अंघोळीला जमले होते. त्यांतील पाच जण भिंतीखाली सापडून मरण पावले. कित्येक जखमी झाले. पोट भरण्यासाठी शेकडो कोस दूरचे गाव सोडून ते आले होते. दिवाळी एका आठवड्यावर आली होती.

शुक्रवारी वाचन होते ते असे : पश्चिमेला ढग दिसला की पाऊस येणार हे तुम्हांला समजते, दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा होणार हेही समजते, मग हा काळ तुम्हांला का ओळखता येत नाही? आणि शनिवारी, म्हणजे टाकी कोसळल्याच्या तिसऱ्या दिवशी, जगभरच्या कॅथॉलिक वेद्यांवरून तेराव्या अध्यायाची पहिली नऊ वचने वाचली गेली. त्यांत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याची वार्ता आहे.

वाचकहो, हा योग आम्ही जुळवून आणलेला नाही. वाचनमाला कित्येक वर्षे आधी ठरलेली असते. शिलोह हे येरुशलेमातील पाण्याच्या तळ्याचे ठिकाण; जन्मांध मनुष्याला प्रभूने डोळे धुण्यासाठी तेथेच पाठविले होते. तेथेही पाणी, येथेही पाणी. तेथेही बांधकाम, येथेही बांधकाम. एवढे सारे समोर असताना त्या शनिवारी आणि त्यानंतरच्या रविवारी आपण काय बोललो?

आम्ही तीन प्रकारचे बोल ऐकले. पहिला : “ज्याचे त्याचे भोग; त्यांची वेळच भरली होती.” दुसरा : “मरण केव्हा येईल सांगता येत नाही, म्हणून सदैव तयार असावे.” तिसरा : “देवाची कृपा, आपल्या धर्मग्रामातील त्यांत कोणी नव्हते.” बोलणारी माणसे वाईट नव्हती, हळहळ खरी होती. परंतु तिन्ही बोलांमधून एकच गोष्ट साधली गेली होती : कोणाकडूनही काहीही येणे उरले नव्हते. हिशेब मिटला होता.

प्रभूने हा हिशेब मिटू दिला नाही. पिलाताने ज्यांचे रक्त त्यांच्या यज्ञबलीत मिसळले त्या गालीलकरांची वार्ता लोकांनी त्याला सांगितली, तेव्हा बुरुजाची गोष्ट त्याने स्वतःहून काढली. ती त्याला कोणी विचारली नव्हती. येरुशलेमात राहणाऱ्या इतर सर्वांपेक्षा ते अठरा जण अधिक दोषी होते असे तुम्हांला वाटते काय, असे तो विचारतो, आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. येथे एक शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. आपण ज्याचे भाषांतर ‘दोषी’ असे करतो, तो मूळ ग्रीक शब्द ‘ऋणको’ या अर्थाचा आहे. त्या अठरा जणांच्या अंगावर इतरांपेक्षा अधिक कर्ज होते काय? नव्हते. मग कर्ज कोणाच्या अंगावर आहे? प्रभू वळून जिवंतांकडे पाहतो आणि पश्चात्तापाची भाषा बोलतो. भोगाचा सिद्धान्त तेथेच खाली बसतो. “आपण वाचलो” ह्या समाधानालाही जागा राहत नाही.

आता आमचे काही मित्र म्हणतील, आणि म्हणालेही आहेत, की प्रभू तेथे आत्म्याच्या पश्चात्तापाविषयी बोलतो; बुरूज कोणी बांधला, चुना किती घातला, याची चौकशी तो करीत नाही. हे खरे आहे. त्याने कंत्राटदाराचे नाव घेतले नाही. परंतु पश्चात्ताप म्हणजे काय, हे संत लूकने दहा अध्याय आधीच लिहून ठेवले आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक आले आणि त्यांनी विचारले, “मग आम्ही करावे तरी काय?” योहानाने त्यांना अधिक प्रार्थना सांगितल्या नाहीत. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये. शिपायाने धाकदपटशा करू नये. ज्याचा जो व्यवसाय, तेथेच त्याचा पश्चात्ताप. योहान आज तळवडे-चाकणच्या रस्त्यावर उभा असता, तर मुकादमाला, सुपरवायझरला, अभियंत्याला आणि गृहनिर्माण संस्थेच्या सचिवाला त्याने निरनिराळी उत्तरे दिली असती, आणि त्यांतील एकही केवळ मनातल्या मनात पाळता आले नसते.

जुना करार तर याहून स्पष्ट आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक आज्ञा आहे. तिच्यावर प्रवचन झालेले आम्ही आजवर ऐकले नाही. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर; नाही तर तेथून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल, असा तिचा आशय आहे. कठड्याची उंची, बेल्ट, हेल्मेट, टाकीच्या भिंतीची जाडी ह्या गोष्टी धर्माच्या कक्षेबाहेरच्या आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी हे वचन एकदा वाचावे. मोशेच्या नियमशास्त्रात कठडा हा आज्ञेचा विषय आहे.

आणि दोषी सापडत नसेल तर? त्याचीही सोय एकविसाव्या अध्यायात आहे. रानात एखाद्याचे प्रेत आढळले आणि मारणारा कोण ते कळले नाही, तर वडील मंडळींनी बाहेर पडून आसपासच्या गावांपर्यंतचे अंतर मोजावे. जे गाव सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनी प्रायश्चित्ताचा विधी करावा, हात धुवावेत आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडलेले नाही असे परमेश्वरासमोर सांगावे. म्हणजे हात धुण्यापूर्वी अंतर मोजणे आले. सद्गुरूनगरापासून पिंपरीच्या चर्चपर्यंतचे अंतर काही फार नाही. ते चर्च दुःखितांचे सांत्वन करणाऱ्या मातेला अर्पण केलेले आहे. त्या आठवड्यात आपल्यापैकी किती जण तेथून सद्गुरूनगरात गेले? आम्ही गेलो नाही. वर्तमानपत्र वाचले, घडी घातली आणि कामाला लागलो.

एवढ्यावर कोणी म्हणेल की एका अपघातावरून आम्ही सगळ्या समाजाला धारेवर धरीत आहोत. परंतु तो एकच अपघात नव्हता. त्यापूर्वी ८ डिसेंबर २०२३ रोजी, निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशी, तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात आग लागली. त्या दिवशी व पुढे रुग्णालयात मिळून दहाहून अधिक जीव गेले. बहुतेक सगळ्या स्त्रिया होत्या. आपण त्या दिवशी मातेसमोर मेणबत्त्या लावीत होतो. हातावर पोट असलेल्या ह्या बाया कोणाच्या मुलांच्या वाढदिवसासाठी मेणबत्त्या भरीत होत्या, हा प्रश्न आपल्या घरच्या केकसमोर आपण कधी विचारला आहे काय?

आपण कोण होतो, हे आठवले तर कदाचित हा प्रश्न सोपा होईल. ह्या औद्योगिक पट्ट्यातील मराठी कॅथॉलिक कुटुंबांपैकी पुष्कळांची मुळे अहमदनगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगरात, आहेत. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आईबापांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ पासून उभा होता, १९६० नंतर औद्योगिक वसाहती वाढत गेल्या. आणि गावाकडचे लोक पत्र्याच्या पेट्या घेऊन येथे उतरले. फाटकासमोर उभे राहून “काही काम मिळेल का साहेब?” असे विचारणारे आपलेच वडील होते. देवाने दिवस पालटले. मुले शिकली, कायम नोकऱ्या लागल्या, फ्लॅट झाले. आता फाटकाच्या आतल्या बाजूस आपण आहोत. सुपरवायझर आहोत, कार्मिक विभागात आहोत, काहींनी मजूर पुरविण्याचे कंत्राटही घेतले आहे. आणि आपल्याच संस्थेत रंगाऱ्याने कोणत्या लिफ्टने जावे, याचा ठराव आपण एकमताने संमत करतो.

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला आपण दरवेळी देवाच्या औदार्याचा दाखला म्हणून ऐकतो. तो तसा आहेच. पण सकाळी थेरगावच्या डांगे चौकात मजूर अड्ड्यावर उभे राहून तो वाचला, तर दोन गोष्टी नव्याने दिसतात. पहिली अशी, की मळ्याचा धनी स्वतः चौकात जातो. पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि पाचला, असा पाच वेळा जातो. कारभारी पदरी असूनही मजूर घेण्यासाठी त्याला पाठवीत नाही. दुसरी अशी, की दिवसभर रिकामे का उभे राहिलात, या प्रश्नाचे उत्तर त्याला जे मिळते ते अड्ड्यावर आजही मिळते : कोणी कामावर घेतले नाही. दहा वाजून गेल्यावर जेवणाचा डबा न उघडताच परत निघालेली माणसे त्या चौकात पाहावीत. धन्याने शेवटच्यालाही एक दिनार, म्हणजे पुऱ्या दिवसाची मजुरी, का दिली हे मग समजावून सांगावे लागत नाही. घरच्या चुलीला अर्धा दिवस नसतो.

आपली आजची व्यवस्था बरोबर ह्याच्या उलट आहे. मूळ मालक, त्याखाली कंत्राटदार, त्याखाली पोटकंत्राटदार, त्याखाली मुकादम. मजूर पडला की प्रत्येक जण म्हणतो, “तो आमचा माणूस नव्हे.” उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काईनाने हेच उत्तर दिले होते, त्याच्याजवळ करारपत्र नव्हते एवढाच फरक. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातसुद्धा असे तत्त्व घातले गेले होते, की कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. संसदेला जे उमगले ते बाप्तिस्मा झालेल्या मनुष्याला उमगू नये काय?

“हे सारे युनियनचे काम, चर्चला राजकारणात ओढू नका,” हा आक्षेप जुना आहे आणि तो घेणाऱ्यांची भीती आम्ही समजू शकतो. आपण संख्येने थोडे. उगीच कोणाच्या डोळ्यांवर का यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मजुरी हा विषय ख्रिस्तसभेने बाहेरून आणलेला नाही. सूर्य मावळण्यापूर्वी मजुराची मजुरी दे, अशी आज्ञा अनुवादात आहे. दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचतो, असे संत याकोब सांगतो. स्वर्गाकडे आक्रोश करणाऱ्या पातकांत ख्रिस्तसभेची धर्मशिकवण कामगारावरील अन्यायाची गणना करते. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ लिहिले, बारावे पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा कामगार संत जोसेफ यांचा सण ठरविला, दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये श्रमांवर स्वतंत्र परिपत्रक काढले. आणि ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतले, ते त्याच तेराव्या लिओंची आठवण ठेवून. हे राजकारण असेल, तर ते सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वेदीजवळच चालले आहे.

आपल्या मराठी समाजातही उदाहरण आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी प्रभूकडे गेले. उस्मानाबादच्या २०२० सालच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. परंतु वसईची जमीन आणि विहिरींचे पाणी वाचविण्यासाठी ते हरित वसईच्या चळवळीत उभे राहिले, तेव्हा धर्मगुरूने ह्यात पडावे काय, हा प्रश्न त्यांनाही विचारला गेला. त्यांनी विहिरीवर एखादे गोड रूपक लिहून थांबणे पसंत केले नाही. त्यांच्या श्रद्धांजलीसभांत आपण मनापासून बोललो. त्यानंतर तीनच महिन्यांनी भोसरीत टाकी कोसळली, आणि आपण पुन्हा उपमांकडे वळलो.

मग आम्ही करावे तरी काय? योहानाला विचारलेला हा प्रश्न आपणही विचारावा, आणि उत्तर आपल्या हातापुरते घ्यावे. चर्चचे, शाळेचे वा आपल्या संस्थेचे बांधकाम निघाले, सणाचा मंडप उभा राहिला, की अंदाजपत्रकात बेल्ट, हेल्मेट, पिण्याचे पाणी, शौचालय आणि विमा यांचा खर्च वेगळा लिहावा, आणि मजुरांच्या हाती मजुरी पडल्याची खात्री करूनच कंत्राटदाराचे बिल चुकते करावे. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नाव नोंदविण्यासाठी नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो देण्यास टाळाटाळ होते म्हणून कित्येक मजूर वंचित राहतात. असा दाखला देऊ शकणारी माणसे आपल्या बाकांवर बसतात. त्यांनी एक सही करावी. आणि धर्मगुरूंना आमची नम्र विनंती अशी, की कष्टकऱ्याचे उदाहरण देण्यापूर्वी त्यांनी एकदा त्याच्याशी बोलावे. उदाहरण मग कदाचित तितके छान होणार नाही. श्रोते चहा पिताना त्याची तारीफ करणार नाहीत. पण एखादा सुपरवायझर सोमवारी फाटकाशी जरा थांबेल.

शिलोहाच्या बुरुजानंतर लगेच प्रभूने अंजिराच्या झाडाचा दाखला सांगितला आहे. तीन वर्षे फळ नाही म्हणून धनी ते तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. ह्या वर्षात मी सभोवार खणीन, खत घालीन, असे तो म्हणतो. पुरंदर तालुक्यात अंजिरांचे मळे राखणाऱ्या शेतकऱ्याला विचारावे. खणणे आणि खत घालणे ही हात मळविणारी कामे आहेत. माळ्याने झाडासमोर बसून झाडावर उपमा रचली नाही.

भोसरीच्या त्या गुरुवारपासून मोजले तर माळ्याने मागितलेले एक वर्ष २४ ऑक्टोबर २०२५ रोजी पूर्ण झाले. धन्याने झाड अजून तोडलेले नाही, ही त्याची दया. येत्या २४ ऑक्टोबरला त्या पाच मजुरांसाठी, ते कोणत्या धर्माचे होते हे न विचारता, आपल्या धर्मग्रामात मिस्सा अर्पण व्हावी. आणि तिच्या आधी आपल्यापैकी काही जणांनी जवळच्या मजूर वसाहतीत जाऊन तेथील पाण्याची टाकी कशावर उभी आहे, एवढे तरी पाहून यावे. आम्ही जाणार आहोत. त्या आजींनाही विचारले आहे. गुडघे दुखतात तरी येते म्हणाल्या.